अक्कलदाढ नसलेली मुलगी जास्त ‘इव्हॉल्व’ झालेली असते का?

जुळे सोलापुरातल्या एका पालकांचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: “माझ्या १९ वर्षांच्या मुलीच्या ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत) खालच्या दोन्ही अक्कलदाढा मुळातच नाहीत. थोरल्या मुलाला चारही आहेत, पण खालच्या दोन आडव्या. माझी आई ७४ वर्षांची, तिचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत. मुलीचा एक्स-रे बघून दाताचे डॉक्टर हसत म्हणाले, ‘ही तुमच्यापेक्षा जास्त इव्हॉल्व झालेली आहे.’ हे खरं आहे का? माकडांना अक्कलदाढ असते का? आणि पुढे माणसाच्या दाढा जाणारच आहेत का?”

आधी काळजीचं तेवढं मिटवतो. मुलीला काहीही झालेलं नाही. अक्कलदाढेचा अंकुर साधारण आठ-दहा वर्षांच्या वयात धरायला लागतो. चौदा-पंधराव्या वर्षीच्या एक्स-रेत तो दिसला नाही, तर पुढे उगवण्याची आशा जवळपास सोडायची. १९व्या वर्षी दिसत नाही म्हणजे नाहीच, आत कुठे दडून बसलेली नाही. जगभरातल्या अभ्यासांची गोळाबेरीज केली तर २२-२३ टक्के लोकांना एक तरी अक्कलदाढ मुळातच नसते. चार-पाच जणांत एक. बहुतेकांना ते आयुष्यभर कळतही नाही, कारण दुखत नाही त्या दाताचा फोटो कोण काढतो?

आता डॉक्टरांचा विनोद. तो मीही सुरुवातीच्या वर्षांत बऱ्याचदा केला आहे. पेशंट खूश होतो, नातेवाईक हसतात, इंजेक्शनची भीती जरा कमी होते. पण तो विनोद म्हणूनच ठेवावा. एकटं माणूस उत्क्रांत होत नसतं. मंगळवेढ्याकडचे कुणी पेशंट आले की मी त्यांना ज्वारीवरून सांगतो. मालदांडी ३५-१ हे वाण आपल्या मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतूनच निवड करून काढलं गेलं. निवडणाऱ्याने कणसं घडवली नव्हती. शेतात ती आधीपासून कमी-जास्त होती, कुठलं भरगच्च, कुठलं विरळ, कुठलं पाण्याचा ताण सोसणारं. त्यातली ठेवायची ती ठेवली. एखादं कणीस शेजारच्या कणसापेक्षा ‘जास्त उत्क्रांत’ नसतं. पुढच्या हंगामांत कुणाचा दाणा शेतात वाढत जातो, एवढाच प्रश्न असतो. तुमच्या घरातली तीन तोंडं म्हणजे त्या शेतातली तीन कणसं.

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात एक काचेची बरणी आहे. डेंटलला शिकणाऱ्या पोरांना सरावासाठी काढलेले दात लागतात, म्हणून धुऊन, जंतुनाशकात ठेवायची जुनी सवय. त्यातल्या अक्कलदाढा मी वेगळ्या ठेवल्या आहेत. पहिली दाढ ओळखायला विद्यार्थ्याला आठवडा पुरतो, कारण सगळ्यांची साधारण एकसारखीच असते. अक्कलदाढेची खूण म्हणजे ती दुसऱ्या कुणाशी जुळत नाही. बरणीतल्या एकीची तीन मुळं नीट सुटी आहेत. दुसरीची तिन्ही एकमेकांना चिकटून गाजरासारखा सुळका झालाय. एकीच्या मुळाला टोकाशी आकडा आहे; त्या आकड्यापायी एका यंत्रमाग कामगाराच्या तोंडात माझा पाऊण तास गेला होता, आणि शेवटी दाढेचे दोन तुकडे करूनच ती सुटली. आणि एक आहे ती जेमतेम तुरीच्या दाण्याएवढी. वरच्या जबड्यातली, पूर्ण वाढलेली, पण तेवढीच. तुमच्या मुलीचं ‘नाही’ हे त्या तुरीच्या दाण्याच्या पुढचंच पाऊल आहे. मोठी, मध्यम, बारकी, नाहीच, अशी ती सलग रांग आहे.

सगळ्यात जास्त फरक याच दाढेत का, याचं कारण तिच्या नंबरात आहे. दाढा पुढून मागे एकेक धरत जातात, आणि पुढची दाढ मागचीला जरा दाबून ठेवते. २००७ साली उंदराच्या वाढत्या जबड्यावर झालेल्या प्रयोगात मागच्या दाढेचा अंकुर पुढच्यापासून कापून वेगळा केला, तर तो लवकर धरला आणि जोमाने वाढला. म्हणजे शेवटच्या दाढेच्या वाट्याला सगळ्यांचा दाब येतो. पंगतीत शेवटी बसलेल्याला जिलेबी किती मिळेल ते पुढच्यांवर अवलंबून असतं, तसं. पुढच्या दाढांच्या वाढीत जरासा फरक पडला की शेवटी त्याचा मोठा फरक होतो. त्यात जनुकांचा वाटा मोठा आहे. पॅक्स-९ नावाच्या जनुकातल्या बिघाडाने अख्ख्या कुटुंबातल्या लोकांच्या बऱ्याचशा दाढाच नसल्याचं आढळलं आहे. तुमच्या मुलीचं तसं नाही. तिच्या बाबतीत अनेक जनुकांचा थोडा-थोडा हिशेब तिकडे झुकला, भावाच्या बाबतीत इकडे. आईबाप तेच, पत्ते वेगळे पिसले गेले.

इथे एक समजूत हमखास पुढे येते, ती शिकलेल्या लोकांतही आहे: “आता मऊ खातो, दाढा वापरत नाही, म्हणून निसर्ग काढून घेतोय.” वापर नाही म्हणून अवयव जात नाही. आपल्याकडे किती पिढ्या कान टोचतायत? आजवर एकही बाळ भोक घेऊन जन्मलेलं नाही. आणि मऊ खाण्याचा दोष द्यायचा तर चीनमधल्या लानत्यानच्या जबड्याचं काय करायचं? १९६३ साली सापडलेला तो खालचा जबडा होमो इरेक्टस या माणसाच्या जुन्या, संपलेल्या जातीचा आहे, सहा-सात लाख वर्षं जुना, वय झालेल्या बाईचा. त्यात अक्कलदाढा मुळातच नाहीत. तुमच्या मुलीसारख्याच. त्या बाईने ना मैदा पाहिला होता ना क्रीमचं बिस्किट.

मऊ खाण्याचा संबंध आहे, पण तो तुमच्या मुलाशी. दोन्ही मुलांच्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि लोक त्या एकत्र कालवतात. मुलीकडे दाढच नाही. मुलाकडे दाढ आहे, जागा नाही. दाताचा वरचा भाग हाडाच्या आतच पूर्ण मापाचा तयार होतो, बाहेर आल्यावर एक मिलिमीटरही वाढत नाही. जबड्याचं तसं नाही. लहानपणी त्याला किती राबवलं यावर तो किती वाढणार हे बरंचसं ठरतं. हार्वर्डमध्ये हायरॅक्स नावाच्या आफ्रिकी प्राण्यावर हा प्रयोग झाला, २००४ साली त्याचा निष्कर्ष छापून आला. हा प्राणी दिसतो घुशीसारखा आणि नातं सांगतो हत्तीशी! काही पिल्लांना कच्चं, सुकं खाणं दिलं, काहींना तेच शिजवून मऊ करून. मऊ खाणाऱ्यांच्या चेहऱ्याचा खालचा, मागचा भाग सुमारे दहा टक्के कमी वाढला. जनुकं बदलली नव्हती, फक्त वाटीतलं खाणं बदललं होतं. आपल्या देशातही रॉबर्ट कोरुचिनी या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९८०च्या दशकात उत्तर भारतात खेड्यातल्या आणि शहरातल्या मुलांचे दात तपासले. शहरातल्यांची रांग जास्त वाकडी निघाली.

तुमच्या आईंचं गणित इथे सुटतं. त्यांच्या लहानपणी ज्वारीची भाकरी, भाजलेले हरभरे, ऊस दाताने सोलून खाणं, हुरड्याच्या दिवसांत हुरडा. त्यात पीठ जात्यावरचं. जात्याच्या दगडाची बारीक कच त्यात उतरायचीच. त्या कचेने दाढा वरून तर घासतातच, पण एकमेकींना टेकलेल्या बाजूंनीही घासतात. प्रत्येक फटीत केसभर, पण सगळ्यांची बेरीज केली तर मागे बरीच जागा होते आणि शेवटची दाढ सरळ वर येते. पी. आर. बेग या ऑस्ट्रेलियन ऑर्थोडॉन्टिस्टने तिथल्या आदिवासींच्या घासलेल्या दातांवरून हेच १९५४ साली मांडलं होतं. माझ्याकडे अक्कलकोट रोडवरून एक आजी यायच्या. दाढा ताटासारख्या सपाट, एकीलाही उंचवटा शिल्लक नाही, आणि चारही अक्कलदाढा शिपायासारख्या रांगेत. मी एक्स-रे काढू म्हणालो तर म्हणाल्या, “मिशरी लावते म्हणून काळे दिसतात ओ, दुखत कुठं काय?” मिशरीबद्दल त्यांना मी जे ऐकवलं ते वेगळं.

पालक मग विचारतात, पोरांना कडक भाकरी द्यायची का? द्या की. पण सोलापुरात कडक भाकरीचा डंका पिटणारी मंडळीच ती आमटीत कुस्करून, मऊ लगदा करून खातात. तसं खाऊन जबड्याला काही व्यायाम होत नाही. शेंगाच्या चटणीबरोबर कोरडी चावली तर गोष्ट वेगळी. तेही लहानपणी, १९-२०व्या वर्षी चावायला लागून हाड लांब होणार नाही.

आता माकडं. आपल्याकडे दोन दिसतात, आणि मराठीने त्यांना दोन वेगळी नावं दिली आहेत: काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर, लाल तोंडाचं ते माकड. दोघांनाही अक्कलदाढ असते, आणि आपल्याइतकेच बत्तीस दात असतात. हिशेबही तोच. अर्ध्या जबड्यात दोन पटाशीचे, एक सुळा, दोन उपदाढा, तीन दाढा. आफ्रिका-आशियातली सगळी माकडं, गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि आपण, सगळे याच हिशेबातले. हा योगायोग नाही. पूर्वज एक आहे. टांझानियात रुक्वाच्या खोऱ्यात सापडलेला एक जबड्याचा तुकडा २०१३ साली जाहीर झाला, वय सुमारे अडीच कोटी वर्षं. तेव्हापर्यंत सापडलेल्या आफ्रिका-आशियातल्या माकडांचा तो सगळ्यात जुना अवशेष. त्या तुकड्यात एकच दात आहे, आणि तो आहे खालची अक्कलदाढ. माझ्या धंद्यातल्या माणसाला याचा आनंद होणारच!

वानराला या दाढेचा त्रास होत नाही, कारण त्याचं तोंड पुढे आलेलं असतं, मागे ऐसपैस जागा. आपला चेहरा कपाळाखाली आत सरकला, जबडा आखूड झाला, दाढांची संख्या मात्र तीच राहिली. एकाच खोलीत पूर्वीइतकीच बिऱ्हाडं.

तुमच्या ‘जास्त इव्हॉल्व’चं खरं उत्तर दक्षिण अमेरिकेत आहे. तिथे मार्मोसेट नावाची खारीएवढी माकडं असतात, झाडाचा डिंक आणि किडे खाणारी. त्यांच्यात अक्कलदाढ पूर्ण गेलेली आहे. एखाददुसऱ्यात नाही, सगळ्या मार्मोसेटांत. उत्क्रांतीने दाढ खरोखर काढून टाकल्याचा हा अस्सल नमुना. दाढ जाणं हे पुढारलेपणाचं लक्षण मानायचं असेल तर मार्मोसेट आपल्या कितीतरी पुढे आहे, आणि तुमच्या मुलीचा नंबर त्याच्या मागे लागतो. उलटही होतं. ओरांगउटानमध्ये अधूनमधून चौथी दाढ निघते. माणसातही क्वचित निघते. माझ्या बरणीत अशी एक आहे.

सुळ्यांचं थोडं सांगतो, कारण चर्चा दातांवर आली की कुणीतरी म्हणतंच, “सुळे आहेत म्हणजे माणूस मूळचा मांसाहारी.” गोरिलाचे सुळे बोटाएवढे असतात आणि तो पाला खातो. नर वानराचे सुळे मादीपेक्षा ठळक मोठे असतात. ते दुसऱ्या नराला दाखवायला आणि वेळ आली तर फाडायला. वरच्या सुळ्याची धार खालच्या पहिल्या उपदाढेवर घासून लावलेली असते, कात्रीच्या पात्यासारखी. आपल्यात ती कात्री गेली, स्त्री-पुरुषांचे सुळे जवळपास सारखे झाले. त्यावरून मटण खायचं की नाही हे ठरत नाही.

दातावरून खाणं ओळखायला भलेभले चुकले आहेत. १७ जुलै १९५९ रोजी मेरी लीकी यांना टांझानियातल्या ओल्डुवाईत एक कवटी सापडली. माणसाच्या कुळातल्या त्या संपलेल्या जातीला आज पॅरान्थ्रोपस बॉईसी म्हणतात, कवटीचं वय साडेसतरा लाख वर्षांच्या आसपास. दाढा आपल्या दुप्पट रुंदीच्या आणि शेवटच्या दाढा चांगल्या थोराड. आपल्यात दाढा मागे जाताना लहान होत जातात, त्याच्या जातीत साधारण उलट. आणि तो पोरसवदा होता: अक्कलदाढा नुकत्या वर येत होत्या. एवढ्या दाढा म्हणजे हा कठीण कवचाची फळं फोडत असणार, म्हणून त्याचं नाव पडलं ‘अडकित्त्या माणूस’. पुढे इनॅमलमधल्या कार्बनची तपासणी झाली तेव्हा निघालं की त्याच्या खाण्यात मुख्यतः गवत-लव्हाळ्याच्या कुळातल्या वनस्पती होत्या. ज्वारी, मका, ऊस ज्या पद्धतीने कार्बन बांधतात, तीच खूण त्याच्या दातात आहे. सुपाऱ्या फोडणारा म्हणून गाजला आणि दिवसभर कडबा चघळत बसलेला निघाला! ती जात दहा लाख वर्षांहून जास्त टिकली आणि संपली. दाढा एवढ्या भक्कम असूनही.

‘जास्त इव्हॉल्व, कमी इव्हॉल्व’ हे शब्द मला खटकतात त्याला अजून एक कारण आहे. शंभर वर्षांपूर्वी हीच भाषा कवट्या मोजून माणसांच्या गटांना लावली जात होती. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला गेल्या तेव्हा त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर होते. कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतला फरक वंशाप्रमाणे बदलतो, आणि त्यात युरोपियन वरचढ ठरतात, असं फिशर यांना हवं होतं. बाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं की वंशाशी त्याचा संबंध दिसत नाही. परक्या देशात, स्वतःच्या गाईडच्या विरोधात. १९७२ साली अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी रक्तातल्या प्रथिनांवरून हिशेब मांडला, तर माणसामाणसांतल्या फरकापैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आतला निघाला. माझ्या वेटिंगमध्ये एका बाकावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे बसतात. ओपीजीचे फोटो पत्त्यांसारखे मिसळून दिले तर कोण घरी काय बोलतो हे मला सांगता येणार नाही. कोण तंबाखू खातो हे मात्र तोंड उघडताच सांगीन.

गटागटांत काहीच फरक नसतो असं मात्र नाही. पूर्व आशियाई लोकांत पुढच्या दातांची मागची बाजू खोऱ्यासारखी खोलगट असते, आणि त्यामागे ईडार जनुकाचा एक प्रकार आहे. तोच प्रकार केस जाड करतो. युरोपियनांत वरच्या पहिल्या दाढेला आतून एक जादा उंचवटा बऱ्याचदा दिसतो. व्हिएन्नाच्या काराबेल्ली या दंतवैद्याचं नाव त्याला आहे. तो आपल्याकडेही दिसतो. आरशात बघा, कदाचित तुम्हालाच असेल.

पुढे दाढा जातील का? जाण्यासाठी अक्कलदाढ नसलेल्यांची मुलं पिढ्यान् पिढ्या जास्त जगायला हवीत. अँटिबायोटिक नव्हतं तेव्हा अडकलेल्या खालच्या दाढेचा पू गळ्यात उतरून विशी-पंचविशीतली माणसं दगावत असत. १८३६ साली लुडविग या जर्मन डॉक्टरने त्या आजाराचं वर्णन करून ठेवलं आहे. त्या काळी तुमच्या मुलीला मुलापेक्षा थोडा फायदा होता असं म्हणता आलं असतं. आज ती चाळणी आम्हीच बंद केली. अर्ध्या तासाचं ऑपरेशन, पाच दिवसांच्या गोळ्या, आणि दोघांचीही लग्नं होणार. शिवाय मऊ खाण्याने आखूड राहिलेला जबडा पुढच्या पिढीला वारशाने जात नाही. नातवंडांना लहानपणापासून चावायला लावलंत, तर त्यांचा जबडा तुमच्या मुलापेक्षा बरा वाढू शकतो.

आता कामाचं. मुलीच्या वरच्या अक्कलदाढा आहेत का ते तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर खाली जोडीदार नसल्याने त्या हळूहळू खाली सरकतात आणि गाल चावला जातो. वर्षातून एकदा दाखवा, एवढंच. मुलाच्या आडव्या दाढा केवळ आडव्या आहेत म्हणून काढायची घाई नको. ब्रिटनने २००० सालीच त्रास नसलेल्या दाढा सरसकट काढू नयेत अशी मार्गदर्शक सूचना काढली. पण हिरडी वारंवार सुजत असेल, तोंड उघडायला त्रास होत असेल, किंवा पुढच्या दाढेला टेकलेल्या जागी कीड लागत असेल तर पंचविशीच्या आत काढलेली बरी. नंतर हाड घट्ट होतं. खालच्या ओठाची नस मुळाजवळून जाते, म्हणून ओपीजीत मुळं आणि नस एकमेकांवर दिसत असतील तर आधी सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय) स्कॅन करून घ्या. जुना फोटो वर्षापेक्षा जास्त जुना असेल तर नवीन काढा. आणि येताना आईंना बरोबर आणा, त्यांचे दात मला बघायचे आहेत.